संबंध तिने राखला

गॅलिलिओ आणि त्याची मुलगी यांची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे ते ती बहुधा एकाच सुरात सांगतात. धर्मसत्तेने छळलेला थोर तत्त्वज्ञ, मठाच्या भिंतीआडून त्याला धीर देणारी गुणी लेक, दोघांमधली वर्षानुवर्षांची पत्रे, आणि शेवटी तिच्या अकाली मृत्यूने खचलेला बाप. या गोष्टीतला एकही प्रसंग खोटा नाही. पण तिच्यातून जो निष्कर्ष काढतात तो मला मान्य नाही. निष्कर्ष असा, की बापाने मुलीला मठात घातले खरे, पण काळच तसा होता. ती तिथे रमली. आणि पुढे बापाने अखेरपर्यंत तिच्याशी नाते राखले, तेव्हा मागचे फिटले. या तिन्ही विधानांना माझी हरकत आहे, आणि तिसऱ्याला सर्वांत जास्त.

आधी हकिगत. व्हर्जिनिया ऑगस्ट १६०० मध्ये पाडुआत जन्मली. आई मारिना गांबा, मूळची व्हेनिसची. गॅलिलिओने तिच्याशी लग्न केले नव्हते. पुढच्याच वर्षी लिव्हिया झाली आणि १६०६ मध्ये व्हिंचेन्झो. १६१० मध्ये दुर्बिणीतून गुरूचे चंद्र दिसले, त्याचा बोलबाला झाला, आणि गॅलिलिओला फ्लॉरेन्सच्या ग्रँड ड्यूककडे मानाची जागा मिळाली. वर्षाला हजार स्कुदी पगार. नेमणुकीची बोलणी चालू असताना त्याने एक आग्रह धरला होता: पदवीत नुसते गणितज्ञ नको, तत्त्वज्ञही हवे, कारण शुद्ध गणिताला आपण जितके महिने दिले त्याहून जास्त वर्षे तत्त्वज्ञानाला दिली आहेत. तो आग्रह मान्य झाला. तेव्हापासून तो दरबाराचा तत्त्वज्ञ. मारिना पाडुआतच राहिली. १६१३ मध्ये त्याने दोन्ही मुलींना फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री इथल्या सान मात्तेओ मठात ठेवले. थोरली तेरा वर्षांची, धाकटी बारा. संत क्लारेच्या पंथाचा हा मठ, दारिद्र्याचे व्रत पाळणारा. एकदा व्रत घेतले की उंबरठा ओलांडून बाहेर येणे नाही. ऑक्टोबर १६१६ मध्ये व्हर्जिनियाची सिस्टर मारिया चेलेस्ते झाली, आणि वर्षभराने लिव्हियाची सिस्टर आर्कांजेला.

आता ‘काळच तसा होता’ या बचावाकडे येतो. त्यात तथ्य किती ते आधी मान्य करायला हवे. इटलीतल्या शहरांत लग्नाचा हुंडा भयंकर वाढला होता आणि मठात भरायची रक्कम त्या मानाने थोडी असे. बऱ्या घरांतल्या कितीतरी मुली याच हिशेबाने मठांत गेल्या. गॅलिलिओने स्वतःच्या दोन बहिणींच्या हुंड्यांचे ओझे वाहिले होते. भाऊ मिकेलांजेलोने आपला वाटा उचलला नाही. शिवाय या मुलींचा जन्म विवाहाबाहेरचा. त्यांना स्थळ मिळणे अवघड होते, हे मी नाकारत नाही.

पण त्या काळाने एवढेच सांगितले होते का? ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्येच नियम केला होता की सोळा वर्षे पुरी होण्याआधी कोणत्याही मुलीने व्रत घेऊ नये, आणि तिच्या मनाविरुद्ध तिला मठात घालणाऱ्यावर बहिष्काराची शिक्षा सांगितली होती. म्हणजे मुलीच्या संमतीचा प्रश्न त्या काळाला सुचलाच नव्हता असे नाही. तो प्रश्न चर्चच्या कायद्यात लिहिलेला होता, गॅलिलिओच्या जन्माच्या आदल्या वर्षी. १६११ मध्ये कार्डिनल देल मोन्ते यांनी खुद्द गॅलिलिओला कळवले की इतक्या लहान वयात हे जमणार नाही. त्यानंतर तो थांबला नाही. दोन सख्ख्या बहिणींना एकाच मठात घेण्याला अडचण होती, ती दूर करायला त्याने दुसरे कार्डिनल बांदिनी यांची मदत मिळवली. वयाचा नियम अक्षरशः पाळला गेला, मुलींना सोळाव्या वर्षापर्यंत नुसते आत राहू दिले आणि मग व्रत दिले. बाराव्या-तेराव्या वर्षी जिच्यामागे दार लागले तिने सोळाव्या वर्षी ‘हो’ म्हटले, याला संमती म्हणायला मी तयार नाही. प्रवाहाबरोबर वाहत गेलेल्या माणसाचे हे वागणे नव्हे. त्याने ओळखी वापरल्या, खटपट केली, आणि काम तडीस नेले.

त्याच माणसाने मुलासाठी काय केले तेही पाहा. व्हिंचेन्झोचा जन्मही तसाच, विवाहाबाहेरचा. १६१९ मध्ये ग्रँड ड्यूककडून त्याला औरस ठरवून घेतले गेले. तो पीसाला कायदा शिकला, १६२९ मध्ये चांगल्या घरातल्या सेस्तिलिया बोक्किनेरीशी त्याचे लग्न झाले. जन्माचा डाग दरबारच्या एका हुकमाने पुसता येत होता. मात्र तो पुसला गेला तेव्हा दोघी बहिणी जन्मभराच्या व्रतात बांधल्या गेल्या होत्या.

मराठी वाचकाची तरी या बचावाने फसगत होऊ नये. बालविवाह, केशवपन यांचे समर्थन करणाऱ्यांबद्दल आपल्याकडेही ‘काळ तसा होता’ असे सांगून पाहतात, आणि आपण लगेच विचारतो, मग आगरकर कोणत्या काळातले? ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्ये लिहिले ते कोणत्या काळात? हाच प्रश्न सतराव्या शतकातल्या इटलीला विचारता येतो, आणि त्याला उत्तरही आहे. व्हर्जिनियाच्या आईच्याच गावी, व्हेनिसमध्ये, १६०४ साली एक मुलगी जन्मली. घरच्यांनी तिलाही मठात घातले. तिथे तिने आर्कांजेला ताराबोत्ती या नावाने बापांच्या जुलमावर पुस्तक लिहिले: मुलींना देवाच्या नावाने कोंडतात ते पैसा वाचवण्यासाठी, आणि बाप व राज्यकर्ते दोघे त्यात सामील असतात, हा त्याचा गाभा. ते तिच्या मृत्यूनंतर १६५४ मध्ये छापले गेले आणि मग निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेले. त्याच यादीत गॅलिलिओचा ‘संवाद’ हा ग्रंथ आधीपासून होता. सूर्य स्थिर आहे म्हणणारा आणि बाप जुलमी आहेत म्हणणारी, दोघांची पुस्तके एकाच हाताने बंद केली. पहिल्याला आपण काळाच्या पुढचा म्हणतो. मग दुसरी बोलत होती त्या बाबतीत त्याच माणसाला काळामागे लपू द्यायचे, हे मला पटत नाही.

दुसरे विधान, की ती तिथे रमली. पुरावा म्हणून तिची पत्रे दाखवतात. १६२३ ते १६३३ या दहा वर्षांतली तिची १२४ पत्रे शिल्लक आहेत. त्यांत भक्ती आहे, माया आहे, बापाबद्दल अपार आदर आहे. पण त्याच पत्रांत मठाचे जे जगणे दिसते ते वाचणाऱ्याने डोळ्यांआड करू नये. पाव निकस, वाइन आंबूस, मांस चिवट. आजारी बायका एवढ्या की रात्रीचा दिवस करावा लागे. मनाचा तोल गेलेल्या बहिणींना सांभाळायचे तेही तिनेच. स्वतःची एक खोली हवी तर तिचे पैसे भरायचे, म्हणून ते बापाकडे मागायचे. मठातल्या एखाद्या कामाची पाळी आली की त्या वर्षाचा खर्च पदरचा, म्हणून आर्कांजेलाची पाळी आली तेव्हा पुन्हा बापाकडेच मागायचे. मागताना प्रत्येक वेळी आधी क्षमा. ज्या ओळी वाचून लोकांना गहिवर येतो त्या ओळींत मला ही अवघडलेली मागणी आधी दिसते.

ती रमली असे म्हणण्याने तिच्या बुद्धीवरही अन्याय होतो. मठाला नव्या पोपकडून काही मागून घ्यायचे असेल तर काय मागावे, असा प्रश्न निघाला तेव्हा तिने पैसा किंवा धान्य सुचवले नाही. मठात येणारे धर्मगुरू अडाणी आहेत, व्रतस्थ जीवनाची त्यांना जाण नाही, त्यांच्याऐवजी शिकलेले संन्यासी द्यावेत, असे तिने मांडले. जागा कुठे दुखते हे नेमके ओळखणारी ही बाई होती. ती औषधालय चालवी, प्रार्थनागीते शिकवी, मठाची पत्रे लिही. मिळालेल्या आयुष्याचे तिने सोने केले हे खरेच. पण ते श्रेय तिचे आहे. ज्याने तिला तिथे ठेवले त्याच्या खात्यावर ते कसे जमा होते?

आणि धाकटी? सिस्टर आर्कांजेलाचे एकही पत्र आज नाही. बहिणीच्या पत्रांत ती येते ती बहुतेक आजारी, खिन्न, अबोल अशी. ‘त्या काळी मठात मुली सुखात असत’ असे सांगणारे तिच्यापाशी येऊन गप्प होतात, किंवा तिचा स्वभावच तसा होता म्हणून पुढे जातात.

आता तिसरे विधान, बापाने नाते राखले. आपल्या मनात बाप-लेकीच्या पत्रांचा जो साचा आहे तो बहुतांशी नेहरूंनी दिलेला. १९२८ च्या उन्हाळ्यात मसुरीला असलेल्या दहा वर्षांच्या इंदिरेला लिहिलेली पत्रे, मग तुरुंगातून लिहिलेला जगाचा इतिहास. त्यात बाप बोलतो, मुलगी ऐकते. बाप देतो, मुलगी घेते. त्या पत्रांची थोरवी मला मान्य आहे. पण तोच साचा घेऊन आपण गॅलिलिओकडे जातो आणि इथे तो सपशेल मोडतो, कारण त्याने मुलीला लिहिलेले एकही पत्र शिल्लक नाही. आहेत ती सगळी तिची. बाप काय म्हणाला असेल त्याचा अदमास तिच्या उत्तरांवरून बांधावा लागतो. ऑगस्ट १६२३ मध्ये माफ्फेओ बार्बेरिनी पोप झाला. त्याने पूर्वी गॅलिलिओला लिहिलेली पत्रे गॅलिलिओने तिला वाचायला धाडली होती. तुम्ही अभिनंदनाचे पत्र लिहिलेच असेल, असे तिने भोळेपणाने लिहिले. लगेचच्या पत्रात, आपल्याला दरबारी रीत ठाऊक नव्हती, ती समजावून दिलीत म्हणून आभार. मधले समजावणे आपल्याला असेच कळते. हरवलेल्या अर्ध्या भागात थोर बापाचे थोर शब्द असणार असे धरून आपण नात्याचे श्रेय त्याला देतो, आणि डोळ्यांसमोर असलेल्या १२४ पत्रांना त्या नात्याची नुसती साक्ष समजतो.

ही पत्रे म्हणजेच ते नाते आहे. त्यात काय आहे ते कामाच्या भाषेत पाहा. बापाच्या कॉलर शिवून, धुऊन, कडक करून पाठवायच्या. त्याने धाडलेल्या महाळुंगांच्या फोडी साखरेत पाकवून परत पाठवायच्या. त्याची पत्रे चांगल्या अक्षरात उतरवून द्यायची. १६३० मध्ये प्लेग आला तेव्हा सुके अंजीर, अक्रोड, सताप, मीठ आणि मध यांचे औषध कुटून द्यायचे. डिसेंबरात बागेत गुलाब फुलला तर तो द्यायचा, सोबत काट्यांचा धार्मिक अर्थ. बापाने मद्य कमी करावे, थंडीत बागेत राबू नये, याची पुन्हा पुन्हा विनवणी. गॅलिलिओनेही केले: मठाचे घड्याळ दुरुस्त करून दिले, खिडक्यांना मेणकापड बसवून दिले, पैसे दिले, खाऊ धाडला, भेटायला गेला. हे लपवण्याचे कारण नाही. पण तो भेटायला जाऊ शकत होता आणि ती येऊ शकत नव्हती, या एका गोष्टीने दोघांच्या श्रमांची तुलनाच बदलते. १६३१ मध्ये तो मठाजवळ राहायला आला याचे फार कौतुक होते. ते घर रिकामे होते आहे ही बातमी काढून, कळवून, त्याच्या मागे लागली कोण? भिंतीआडची मुलगी.

मग १६३३. ‘संवाद’ हे पुस्तक आदल्या वर्षी निघाले होते. त्यावरच्या चौकशीसाठी जानेवारीत तो रोमला निघाला, २२ जूनला शिक्षा झाली, पृथ्वी फिरते हे मत त्याला गुडघे टेकून सोडावे लागले, आणि मग सिएनाला आर्चबिशप पिक्कोलोमिनी यांच्या घरी त्याला ठेवले. वर्षभर त्याचे घर चालले ते मठातून. वाइनच्या पिंपांत काय उरले, लिंबे वादळात किती पडली, खेचर कुणाला पाठीवर बसू देत नाही, गहू किती, भाकरी कशी झाली, मोलकरणीला काय दिले, हे सगळे ती आठवड्याच्या आठवड्याला कळवी. या मजकुराला घरगुती म्हणून बाजूला सारणारे लोक आहेत. माझ्या मते सत्तरीला टेकलेल्या, जगापुढे मान खाली घालावी लागलेल्या माणसाला परत यायला घर उरले ते या मजकुरामुळे.

आणि याच पत्रांत १३ जुलैचे एक पत्र आहे. ते वाचून तरी ‘धीर देणारी लेक’ हे वर्णन थांबायला हवे. शिक्षा होऊन तीन आठवडे झाले होते. गॅलिलिओचे दोन विश्वासू, जेरी बोक्किनेरी आणि निक्कोलो अज्जुंती, तिच्याकडे घराच्या किल्ल्या मागायला आले. घरात असे कागद होते की चौकशी अधिकाऱ्यांच्या हाती पडले तर पुन्हा संकट आले असते. तिने किल्ल्या दिल्या. ते घरात गेले आणि जे करायचे ते करून आले. मग तिने बापाला कळवले, सावध शब्दांत, की तुमच्या हितासाठी मला हे योग्य वाटले. एक व्रतस्थ स्त्री, जिने आज्ञापालनाची शपथ घेतली आहे, धर्मसत्तेने दोषी ठरवलेल्या माणसाचे कागद हलवू देते. तो निर्णय तिचा, त्यातला धोकाही तिचा. बापाला विचारायला वेळ नव्हता. हे मी धैर्य म्हणतो, आणि ते विज्ञानाच्या इतिहासात लिहायला हवे. बापाच्या चरित्रातल्या हळव्या पानावर ते मावत नाही.

ऑक्टोबरात तिला शिक्षेचा मजकूर वाचायला मिळाला. तीन वर्षे दर आठवड्याला पश्चात्तापाची सात स्तोत्रे म्हणायची, असे त्यात होते. ते मी तुमच्याऐवजी सुरू केले आहे, असे तिने लिहिले. बापाची शिक्षासुद्धा तिने आपल्या अंगावर घेतली.

यावर मला सांगतील, तुम्ही प्रेमाचा जमाखर्च मांडता आहात. जमाखर्च तिनेच मांडला होता, पिंपांचा आणि गव्हाचा, आणि तिचे प्रेम त्यातच होते. प्रेम खरे होते, दोन्ही बाजूंनी, याबद्दल मला शंका नाही. डिसेंबरात तो घरी परतला आणि चार महिन्यांच्या आत, २ एप्रिल १६३४ रोजी, ती आमांशाने वारली. तेहतीस वर्षांची. शेवटच्या दिवसांत एकदा तिला पाहून वैद्याबरोबर तो घरी येतो तोच चौकशी अधिकाऱ्याचा निरोप हजर: फ्लॉरेन्सला उपचारासाठी जाण्याची परवानगी पुन्हा मागू नका, नाहीतर तुरुंगात नेऊ. त्या महिन्याच्या शेवटी त्याने बोक्किनेरीला लिहिले की मुलगी आपल्याला सतत हाका मारते असे ऐकू येते. एवढे वाचून कुणाचे मन हलणार नाही?

पण जुलैत त्याने पॅरिसच्या एलिया दिओदातीला जे लिहिले तेही वाचा. तिथे तो मुलीच्या मायेआधी तिच्या बुद्धीचा उल्लेख करतो: विलक्षण मनाची, फार चांगली, आणि आपल्यावर अतिशय जीव असलेली. बुद्धी पहिली. तिच्यात काय होते हे त्याला पुरते ठाऊक होते. त्याच्या दुःखाने माझा आक्षेप मऊ होत नाही, उलट वाढतो. ज्याला मुलीची किंमत कळली नाही अशा बापाला आपण अज्ञानाची सवलत देऊ. याला कळली होती. दुर्बिणीने आकाशाचे जुने नियम पारखून पाहणाऱ्या माणसाने घरातल्या नियमाला तसेच पारखले असते, तर त्या मनाने काय काय केले असते, याचा विचारही आपण करायचा नाही का?

दावा सोबेल यांच्या १९९९ च्या पुस्तकाने ही मुलगी जगभरच्या वाचकांपुढे आणली, हे मोठे काम झाले. त्याच्या सुमारे शतकभर आधी आन्तोनियो फावारो यांनी गॅलिलिओच्या समग्र साहित्याच्या संपादनात तिची पत्रे जपून छापली होती. साधन आहे, उपलब्ध आहे. प्रश्न आपण ते कसे वाचतो याचा आहे. बापाचे दुःख मोठे म्हणून बापाचा निर्णय लहान, असे वाचले की मुलीच्या बाजूने बोलणारे कुणी उरत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. यापुढे ज्याला ही गोष्ट सांगायची असेल त्याने ती दोन मुलींची म्हणून सांगावी. मारिया चेलेस्ते गेली तेव्हा आर्कांजेला बत्तीस वर्षांची होती. १६४२ मध्ये बाप गेला. ती त्यानंतर सतरा वर्षे, १६५९ पर्यंत, त्याच मठात जगली. बापाने मुलींशी अखेरपर्यंत संबंध राखला असे ज्यांना म्हणायचे आहे, त्यांनी या दुसऱ्या मुलीचा एक परिच्छेद लिहून दाखवावा.